गरुडछाप भीमराज

दारव्ह्यात भीमराज मुनेश्वरचं दुकान कुठं आहे असं विचारलं तर माणसं डोकं खाजवायची. 'गरुडछाप भीमराज' म्हटलं की पानठेल्यावरचा माणूसही हात करून दाखवायचा. हे नाव त्याला खोक्यानं दिलं. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायला संगणकात ग्राफिक्स कार्ड लागतं, ते तो एकाच कंपनीचं घ्यायचा आणि त्या कंपनीच्या खोक्यावर पंख पसरलेला गरुड होता. रिकामी खोकी त्यानं काउंटरमागं ओळीनं मांडून ठेवली होती. आमच्याकडं लोक कपाशीचं बियाणंही पाकिटावरच्या चित्रावरून मागतात, तेव्हा माणसाला खोक्यावरून नाव पडलं यात नवल नव्हतं.

गरुडाबद्दल वावगा शब्द तो ऐकून घेत नसे. आर्णीचा गोपाल त्याचा जुना दोस्त, धंदाही तोच, पण त्याचं कार्ड वाघछाप. दोघं भेटले की चहावर साय धरायची, भांडण संपायचं नाही.

"कार्ड म्हंजे बैल, समजलं?" भीमराज सांगायचा. "बैल तुयाबी दमदार असन. पन ड्रायव्हर म्हंजे धुरकरी, बंडी हाकनारा. धुरकरी झोपला का बंडी नाल्यात. तुया वाघाचा धुरकरी पक्का बेवडा हाये."

ड्रायव्हर म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम. गरुडाचा नवा ड्रायव्हर आला की भीमराज फोनच्या तारेवरून तो उतरवून घ्यायला अर्धा दिवस घालवायचा. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. जुना चांगला चालत असला तरी नवा टाकणारच. कंपनीनं दिला म्हणजे बराच असणार, एवढा त्याचा भरवसा. सख्ख्या भावावरही त्यानं कधी एवढा ठेवला नसेल.

ती वर्षं वाईट होती. कापसानं सगळ्यांचा दम काढला होता आणि घरोघरच्या लग्नाचे मांडव बंद पडले होते. त्यांच्या जागी सामूहिक विवाह आले. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात दारव्ह्याला असाच एक झाला. चौतीस जोडपी, एकच मांडव, आणि प्रत्येक जोडप्याला त्याची त्याची सीडी द्यायचं काम भीमराजकडं आलं. आयोजकांनी सगळ्या नवऱ्यांना एकसारखे फेटे आणि सगळ्या नवरींना एकाच रंगाच्या साड्या दिल्या होत्या. छातीवर नंबराची चिठ्ठी टाचली होती, ती हारांखाली झाकून गेली. भीमराजनं आदल्या दिवशीच वहीत एक ते चौतीस आकडे आणि प्रत्येकापुढं नवरीचं नाव, सासरचं गाव लिहून ठेवलं होतं. जोडपं मंचावर चढलं की त्या आकड्यापुढं तो टेपची वेळ टाकायचा.

अकरा नंबरची पाळी येणार तेवढ्यात एक म्हातारा त्याच्याजवळ आला. तांड्यावरचा खेमसिंग, अकरा नंबरच्या नवरीचा, बसंतीचा बाप.

"भाऊ, माया येकबी फोटो नाई घरात," तो म्हणाला. "लेकीसंग मले काढजा. मांग पाहाले काहीतरी पायजे."

"काढतो ना काका. तुमी फक्त तिच्या बाजूले उभे राहा."

म्हाताऱ्यानं फेटा सोडला आणि नीट बांधायला घेतला. मंचावरचा माणूस थांबायला तयार नव्हता, त्यानं बाराव्या जोडप्याला पुढं घेतलं. अकरावं मागून चढलं. भीमराजनं कॅमेरा धरला, म्हाताऱ्याला लेकीसोबत चांगलं मिनिटभर टिपलं आणि वहीत मात्र ओळीनं वेळा टाकत गेला, बाराव्याची अकरापुढं, अकराव्याची बारापुढं.

मिक्सिंगला बसल्यावर पडद्यावर ही चूक आंधळ्यालाही दिसली असती. पण त्याच आठवड्यात त्यानं गरुडाचा नवा ड्रायव्हर टाकला होता. व्हिडिओ उघडला की चित्राची खिडकी काळीठिक्कर. आवाज यायचा, वेळेचे आकडे पळायचे, माणूस एक दिसायचा नाही. आवाजात तरी काय, बँड आणि भोंगा. तीन दिवस भीमराज त्या काळ्या चौकोनाकडं पाहत बसला. पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले. सीड्या वाटायचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता.

गोपालला कळलं तसा तो आर्णीहून गाडी मारत आला. डिक्कीत जुन्या पेपरात गुंडाळलेलं वाघछाप कार्ड होतं.

"हे लाव. नाई तं तुया जुना ड्रायव्हर टाक परत. कायले जीव काढून राह्यला?"

"माया मशीनमंदी वाघ शिरनार नाई," भीमराज म्हणाला. "अन् मांग कायले जाऊ? कंपनी काय येडी हाये?"

गोपाल कार्ड घेऊन परत गेला. भीमराजनं वहीतल्या वेळा पाहून, चित्र न बघता, चौतीस सीड्या कापल्या. पहिली आणि शेवटची टीव्हीवर लावून पाहिली, बरोबर निघाल्या. एकाचीही तक्रार आली नाही. पुढं वर्षभर तो गोपालला ऐकवायचा, "आला का येकतरी परत? याले म्हनते भरवसा."

दीड महिन्यानं गरुडाचा आणखी एक ड्रायव्हर आला. सोबतच्या बदलांच्या यादीत खाली एक ओळ होती, मागच्या ड्रायव्हरमधली काळ्या पडद्याची अडचण दूर केली आहे. भीमराजनं ती दोनदा वाचली आणि कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात बसंतीबाई दुकानात आली. खेमसिंग तापानं गेला होता. भिंतीवर लावायला फोटो हवा होता.

"तुया सीडीत हाये ना काका," भीमराज म्हणाला. "आन, काढून देतो."

"त्यात तो नाई, भाऊ. मीबी नाई. दुसरीच बाई हाये."

भीमराज खुर्चीवरून उठला. "मंग काहून नाई सांगतलं?"

"बाबानं तीनदा पाहिली. मंग म्हने, गरुडछापवाला काही चुकत नाई, गर्दीत आपलाच नंबर सुटला असन. जाऊ दे म्हने."

ती हे इतक्या साधेपणानं बोलली की भीमराजला तिच्याकडं पाहवेना. टेपवर केव्हाच दुसरी लग्नं चढली होती. त्यानं जुनी वही काढली. अकराच्या आधी बारावं जोडपं चढलं होतं, ते आता आठवलं. बारा नंबर, शीला, राजूर.

दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून वणी, वणीहून राजूरला काळीपिवळी जीप. अंग आंबून गेलं. शीलाचा नवरा कोळसा खाणीवर ड्युटीला गेला होता. शीलानं सीडी साडीच्या घडीतून काढून दिली.

"आमाले मालूम होतं, दुसऱ्याची हाये," ती म्हणाली. "पन फेकवली नाई. हे बुढा लेकीच्या डोक्यावर हात ठेवते ना, तवा माई माय हरवेळा रडते. कोन हाये हे?"

भीमराजनं सांगितलं. शीलानं साडीची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाली, "नेऊन द्या. अन् आमची तिच्याकडं असन तं घेऊन या."

दोन दिवसांनी भीमराज सीडीतून काढलेल्या फोटोची फ्रेम आणि ती सीडी घेऊन तांड्यावर गेला. टीव्हीवर खेमसिंग आला. फेटा जरा तिरकाच बांधला होता. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तो थेट कॅमेऱ्याकडं पाहत काहीतरी बोलत होता, बँडमुळं ते ऐकू येत नव्हतं. बसंतीबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली.

भीमराजनं तिला सगळं सांगितलं. काळा पडदा, गोपालनं आणलेलं कार्ड, आपला हट्ट, काही लपवलं नाही. "चूक तुमच्या नंबराची नव्हती, माई होती. काकाले दिसलं असतं हे, म्या दिसू देल्लं नाई."

तिनं डोळे पुसले. "आता दिसला ना. पुढच्या महिन्यात लहान बहिनीचं लगन हाये, भाऊ. तुमीच या."

"आर्नीच्या गोपालले बोलाव, बाई. मायापेक्षा चांगला हाये तो."

"नाई. बाबा सांगून गेला, भीमराजभाऊलेच बोलावजा म्हून. आमी दुसऱ्याकडं कायले जाऊ?"

भीमराजनं तारीख लिहून घेतली, शीलाची सीडी पिशवीत टाकली आणि रस्त्यावर येऊन काळीपिवळीची वाट पाहत उभा राहिला. शिव्या खायची तयारी करून आला होता तो. त्या मिळाल्या असत्या तर परतीच्या वाटेत निदान डोळा तरी लागला असता.