बाकावरचं काळजीवाहू सरकार

वर्ध्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीची खोली आहे आणि तिच्या बाहेर एक लोखंडी बाक. मंगळवारी आणि शुक्रवारी आमचे पेशंट पाऊण तास आत असतात आणि त्यांना घेऊन येणारे आम्ही बाहेर. आत हातपाय हलतात, बाहेर जिभा! दोन वर्षांत इतके किस्से साचलेत की बाबांची केसपेपरची फाइलसुद्धा त्यांच्यापुढे बारीक वाटेल.

आम्ही तिघं कायमचे. मी शाळेत शिकवते, माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. नालवाडीचे देवरावजी भाजीपाला पिकवतात, त्यांच्या बायकोला लकवा झालाय. आणि समुद्रपूरच्या वंदनाताई सासूला घेऊन येतात. सासूबाईंची उजवी बाजू लकव्यात गेली, जीभ मात्र ठणठणीत आहे.

* * *

"तुम्हाला पुण्य लागेल" हे वाक्य आम्हाला आठवड्यातून चारदा तरी ऐकावं लागतं. भेटायला येणारे ते बिस्किटांच्या पुड्यासोबतच आणतात.

माझा भाऊ पुण्याला असतो. व्हिडिओ कॉलवर तो बाबांची दाढी तपासतो. "डावीकडे राहिलीये बघ थोडी." एकदा त्याच्या मागून वहिनी म्हणाली, "ताई, खूप पुण्य कमावताय हं."

मी म्हटलं, "वाटणीच तशी झालीये आमची. पुणं त्याला, पुण्य मला."

तेव्हापासून दाढीची तपासणी बंद आहे.

* * *

देवरावजी रोज सकाळी बायकोची वेणी घालतात. घट्ट, सरळ, एक केस बाहेर नाही. बाकावरच्या आम्हा दोघी बायकांना ती पाहून आपापल्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो.

त्यांच्या शेजाऱ्याने एकदा डिवचलं, "काऊन देवराव, आता बाईमाणसाचे कामं करून राह्यला का?"

"लसणाच्या वेण्या घालण्यातच जलम गेला गड्या. हे त नरम आहे."

शेजारी हसला. देवरावजी हसले नाहीत. म्हणाले, "तुह्या बायकोचे केस किती पांढरे झाले, सांग बरं?"

शेजारी वळून आपल्या घराकडे पाहायला लागला.

मी एकदा देवरावजींना विचारलं होतं की रडू आलं तर काय करता. मी नळ सोडून बाथरूममध्ये रडते, हेही सांगितलं. ते म्हणाले, "मी वांग्याच्या वाफ्यात जातो मॅडम. तेवढंच पाणी होते."

* * *

हा किस्सा माझ्या फजितीचा. एका दुपारी बाबांच्या हातून तिसऱ्यांदा ताट सांडलं आणि मी ओरडले, "मी काय तुमची मोलकरीण आहे का?" बाबा हात पाठीमागे लपवायला लागले. थरथरणारा हात लपत नाही. मला स्वतःची इतकी चीड आली की मी त्या रात्री जेवले नाही.

बाकावर सांगताना मान वर होत नव्हती. वंदनाताईंनी ऐकून घेतलं.

"आमचं त रोज भांडण होते. मीठ कमी, मीठ जास्त, चहा पाणचट. भांडण जित्या माणसाशीच होते मॅडम. फोटोशी कोण भांडते?" मग म्हणाल्या, "अन् ताट काऊन देता? खोल वाटीत द्या."

घरी जाताना मी खोल वाटी विकत घेतली.

* * *

त्याच सुमारास वंदनाताईंच्या भाचीचं लग्न ठरलं. तळेगावला, म्हणजे त्यांच्या माहेरी. सासूला लकवा झाल्यापासून तीन वर्षांत त्यांनी माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. पत्रिका द्यायला आलेला सख्खा भाऊच म्हणाला, "तुहं काही येणं होणार नाई, मले माहीत आहे." नवरा म्हणाला, "मले त आईचं काही करता येत नाई."

"कोणीच विचारलं नाई, तुले यायचं आहे का म्हणून," वंदनाताई आम्हाला म्हणाल्या. ती बाई गप्प बसली की बाक रिकामा वाटतो.

* * *

नेमकं त्याच आठवड्यात दवाखान्यात आमच्यासाठी भाषण ठेवलं होतं. शहरातून एक पाहुण्या आल्या होत्या. त्या आम्हाला सारखं 'काळजीवाहू' म्हणत होत्या.

देवरावजींनी हात वर केला. "काळजीवाहू त सरकार असते ना बाई? ते दोन-चार महिन्यांत जाते. आमाले पाच वर्षं झाले, निवडणूकच लागून नाई राह्यली."

हशा पिकला. पाहुण्या बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच सांगते, स्वतःसाठी रोज एक तास काढा."

वंदनाताईंनी शांतपणे विचारलं, "कोणत्या दिवसातून काढू?"

बाईंनी पुढची स्लाइड लावली. वंदनाताई मात्र परत येऊन बाकावर बसल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. "एक तास नाई, मॅडम. दोन दिवस काढते मी."

* * *

आता हळदीच्या दिवसाचा किस्सा. वंदनाताईंनी सांगितला तसाच देते.

त्यांची नणंद हिंगणघाटला असते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी येते, आईच्या चादरीवरून हात फिरवते, उशीचा वास घेते, चहा पिते आणि पाचच्या गाडीने परत जाते. त्या दिवशी ती आली तर वंदनाताई नवी साडी नेसून, बॅग घेऊन दारातच उभ्या.

"काऊन वंदना, कुठी निघाली?"

"तळेगावले. बाई, दर दोन घंट्यानं कूस बदलून द्या लागते. गोळ्या फळीवर आहेत. खिचडी पातळ करजा, ठसका लागते त्याईले."

"अवो पण मी त भेटाले आलती!"

"मंग भेटा ना. दोन दिवस निवांत भेटा."

नणंद आत वळून म्हणाली, "माय, पाह्य ना, हे काय म्हणून राह्यली!"

खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, दारापर्यंत नीट ऐकू जाईल असा.

"वंदने, हळदीत नाचजो. लाजू नको."