माघातला समुद्र

देवघरासमोरच्या काळ्या फरशीवर मी ग्रीस देश काढला, रांगोळीने. कागदावरचा नकाशा माझ्या नवऱ्याला आता वाचता येत नाही. काळ्यावरचं पांढरं मात्र अजून दिसतं. चिमटीतून सुटणाऱ्या भुकटीने मी किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ ओढली. मग खालच्या मोकळ्या काळोखात बेटं टाकली, कुठे नुसता ठिपका, कुठे नखाएवढी चंद्रकोर. रांगोळीचा कोरडा, दगडी वास नाकात भरून राहिला होता. सणावाराला याच जागी मी गोपद्मं काढते. बोटांना सवय त्यांची. बेटं काढताना ती अडखळत होती.

काचबिंदू. किती देखणा शब्द आहे हा. आयुष्यभर कॉलेजात कविता शिकवली, तेव्हा हा शब्द कुणाच्या ओळीत भेटला असता तर मी मुलांना त्यावर थांबवलं असतं. मिरजेच्या डॉक्टरांच्या तोंडून तो आला तेव्हा त्यात काच होती ती फक्त टोचणारी. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्याच्या कडा विझत चाललेल्या. "गेलेलं परत आणता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे ते किती टिकेल याचा शब्द देत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या."

रिक्षा सांगलीच्या रस्त्याला लागली. मग ते रस्त्याकडे तोंड करूनच म्हणाले, "समुद्र राहिलाय."

फौजेत सारी नोकरी डोंगरात आणि वाळवंटात गेली त्यांची. समुद्र पाहायचा म्हणजे रत्नागिरी काही दूर नव्हती. पण त्यांच्या मनातला समुद्र वेगळाच होता. त्यांच्या पलटणीतला एक मित्र, मलकापूरचा, शांतिसेनेबरोबर परदेशी, भूमध्य समुद्राकाठी, गेला होता. यांचंही नाव त्या तुकडीत लागलं होतं. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि हे मागे राहिले. मित्राने परत येऊन सांगितलेली गोष्ट एवढीच: तिकडच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, तो आपल्या जागी असतो, आणि इतका निळा की वर्दी धुतलेल्या पाण्यातसुद्धा तसली नीळ नाही. "जागच्या जागी राहणारा समुद्र" ही कल्पना माझ्या नवऱ्याने वर्षानुवर्षं जपली. बदल्यांमागून बदल्या झेललेल्या माणसाला तिचं अप्रूप का वाटलं असेल, हे मला उशिरा कळलं.

बेत आठवड्याचा होता. आधी अथेन्स, मग बोटीने दूरच्या दोन बेटांवर, आणि परत. परदेशी जाण्याची आमची ही पहिलीच वेळ. महिना मात्र आम्ही फारसा विचार न करताच ठरवला, माघ. आमच्या घरात सगळं उसावर ठरतं. लग्नाच्या तारखा, डोळ्यांची ऑपरेशनं, मुलींची माहेरपणं, सगळं. वारणेकाठी, शिराळ्याच्या अलीकडे, दोघा भावांचं रान आहे. कारखान्याची तोड येऊन शेवटची ट्रॉली भरून निघेपर्यंत घरच्या कर्त्या पुरुषाने तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ट्रॉली निघताना तिच्यापुढे नारळ त्यानेच फोडायचा, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. फौजेतून यांनी सुट्टी मागितली ती बहुधा तोडीसाठीच. पौषात ऊस गेला की माघात माणूस मोकळा, हवा गार, आभाळ स्वच्छ. प्रवासाला याहून चांगला महिना कुठला? साऱ्या पृथ्वीवर माघात रान मोकळं होत असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. पुण्याच्या पुतण्याने तिकिटं काढली, तीही आम्ही सांगितली तशीच. त्याचंही बालपण त्याच बांधावर गेलेलं. त्यालाही काही वावगं वाटलं नाही.

फरशीवर ग्रीस काढला त्या दुपारी ते पाटावर बसले आणि मी त्यांचं बोट धरून पहिल्या बेटावर ठेवलं.

"हे दिसलं," ते म्हणाले. "दुसरं?"

"त्याच्या शेजारीच आहे. चार बोटांवर."

त्यांनी मान वळवली, खाली झुकवली, पुन्हा वळवली. कोंबडी दाणा शोधते तशी ती हालचाल होती आणि मला ती पाहवेना. "हां, हे दिसलं. पण आता पहिलं गेलं." मग हसून म्हणाले, "बरंय. एका वेळी एकच बेट. घाई नाही."

मला तोवर त्यांच्या नजरेचं माप कळलेलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर काळी वर्तुळं काढून दाखवली होती, ती मी समजल्यासारखी मान हलवून पाहिली होती. खरं माप त्या फरशीवर कळलं. दोन बेटांमधला काळोख चार बोटं रुंद होता आणि तो त्यांना ओलांडता येत नव्हता. चहा टाकायच्या निमित्ताने मी आत गेले. परत आले तेव्हा त्यांनी फुंकर न घालता, तळव्याने, सगळा देश पुसून एका बाजूला लोटला होता. पाय पडेल म्हणून, असं ते म्हणाले.

त्याच आठवड्यात दूरच्या बेटावरच्या घरमालकिणीचं उत्तर आलं. खोलीसाठी मी तिला साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. तिने तितक्याच साधेपणाने कळवलं की फेब्रुवारीत तिचं घर बंद असतं, शेजारची घरंही बंद, खाणावळी बंद. बेटाची माणसं हिवाळ्यात शहरात राहतात. बोट येते, पण वारा असेल तर येत नाही. आणि वारा असतोच. वसंतात या, ईस्टरनंतर, तिने लिहिलं होतं. तेव्हा सगळं उघडतं.

पुतण्या फोनवर ओशाळला. "काकू, मे महिन्यात करून टाकतो. तारखा बदलता येतात."

मे. मी मनात महिने मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

यंदा तोडही लांबली होती. ऊसतोड्यांची टोळी आलीच नव्हती. पौष संपत आला तरी ऊस उभा. आम्ही रानात गेलो तेव्हा त्याला तुरे आले होते. करड्या, मऊ पिसांसारखे तुरे, वाऱ्यावर सगळे एकाच दिशेला वाकलेले. पाचटाचा सळसळणारा आवाज इतका दाट होता की बोलायला आवाज चढवावा लागत होता. धाकटे दीर बांधावर उकिडवे बसले होते.

"या वैनी. मग काय, कुटं निगाला म्हणं? द्राक्षांच्या देशात?"

"हो, भाऊजी."

"आवं द्राक्षं बघाय तासगावला जावा की यष्टीनं. सांजच्याला म्हागारी." ते स्वतःच्याच विनोदावर हसले, आणि मग भावाकडे वळून हसू आवरलं. "दादा, ती म्हैन्याभरात येतील तोडीला. तवा तू न्हाईस म्हंजी कसं? ऊस हुबा टाकून आपल्यात कोन गेलंय का आजवर?"

"कुणी नाही."

"मग? मे म्हैन्यात जा की निवांत. पोरगं म्हनत हुतं, तिकडं बी मे म्हैन्यातच समदं उगडं असतंय. निळाशार असतोय म्हनं समुद्र."

माझे पती उसाच्या कडेला उभे होते. त्यांनी एक पान हाताने बाजूला केलं, त्याची धार डोळ्याला लागू नये म्हणून. ते पान त्यांच्या उजवीकडून आलं होतं आणि त्यांना ते गालाला टेकल्यावरच कळलं होतं.

"मे महिन्यात समुद्र निळा असंल," ते म्हणाले. शब्द रानातल्या बोलीत उतरले होते. "मी कसा असंन, ते सांग की."

दिरांनी मान खाली घातली. हातातल्या काडीने ते मातीत रेघोट्या ओढत राहिले. मग म्हणाले, "नारळ मी फोडीन. पर लोकं इचारतील."

"इचारू देत. सांग, दादा समुद्र बघाय गेलाय."

घरी येऊन मी दूरची दोन्ही बेटं सोडून दिली. अथेन्सच्या बंदराजवळ, तासाभराच्या बोटीवर, एक बेट आहे. तिथे माणसं बारमाही राहतात आणि पिस्त्याच्या बागा आहेत. तिथल्या एका बाईला मी लिहिलं. खोली हवी, खिडकीतून पाणी दिसायला हवं, आणि पलंग असा असावा की ते पाणी झोपणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल. हे शेवटचं वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. कारणही लिहिलं.

तिचं उत्तर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पलंग हलवता येईल, तिने लिहिलं होतं. खोलीत ऊब कमी असते, लोकरीचं आणा. आणि एक गोष्ट आधीच सांगते, या दिवसांत समुद्र निळा नसतो.

ते खुर्चीत सरळ बसले. "मग कसा असतो?"

मला समुद्राच्या कितीतरी ओळी पाठ आहेत. त्या सगळ्या धावून आल्या आणि सगळ्यांत निळा होता. मग परसदारी नजर गेली आणि म्हटलं, "पेरूच्या पानाची मागची बाजू आठवते? तसा असेल. ढगाळ असलं तर त्याहून थोडा मळका."

ते उठले. भिंतीला हात लावत परसात गेले, पेरूची खालची फांदी चाचपून एक पान तोडलं, उलटं केलं आणि डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरलं. उन्हाकडे, मग सावलीकडे. अंगठ्याने त्याच्या शिरा चोळल्या. हिरवट, तुरट वास माझ्यापर्यंत आला. मी दारातच उभी राहिले, पुढे गेले नाही. पान पाहताना त्यांना आजूबाजूचं बाकी काही दिसत नव्हतं, मीही नव्हते.

"हा अजून दिसतो," ते पानालाच म्हणाले. मग मी नेमकी कुठे आहे याचा अंदाज घेत, चुकीच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "कळव तिला, येतोय म्हणून."