राइट आउटची जागा

कारखान्यात मला घेतलं ते फुटबॉलसाठी. लेथ चालवायला नंतर शिकलो. मी राइट आउट होतो, म्हणजे उजव्या कडेनं पळत जाऊन चेंडू गोलसमोर टाकणं हे माझं काम. सुरुवातीला घोट्याला पट्टी गुंडाळून अनवाणीच खेळायचो. पुढे बुटांची सक्ती झाली. बुटातून चेंडू पायाला लागलेला कळेना. एक हंगाम अंधारात चाचपडल्यासारखा खेळलो, मग जमलं. बसवनगुडीतल्या आमच्या घरी याचं कुणाला कौतुक नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं मराठी घर, सगळे कारकून नाहीतर मास्तर. राज्याच्या संघासाठी माझं नाव पक्कं झाल्याचं सांगितलं, तेव्हा वडिलांनी फक्त रजा मिळेल का, एवढं विचारलं.

राज्याचा संघ निघायच्या आधी दुसऱ्या एका कारखान्याशी सामना होता, दंडूत. कँटोन्मेंटला आम्ही दंडूच म्हणायचो. मला अडवायला त्यांचा लेफ्ट बॅक होता, हलसूरचा, उंच, शांत माणूस. चेंडू आमच्या दोघांच्या मधोमध पडला आणि तो घसरत आला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुखलं नाही. त्याच्या मोज्याला चिकटलेलं गवत तेवढं दिसलं.

हाड वाकडं जुळलं. चालता येईल, खेळता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. बायको खाटेशी बसायची आणि जेवणार का, एवढंच विचारायची. राज्याचा संघ माझ्याशिवाय गेला. हरल्याची बातमी मी पेपरात वाचली आणि पान उलटलं. प्लास्टर निघाल्यावर परत लेथवर उभा राहिलो. राजाजीनगरात घर मिळालं, मुलगी झाली. दिवस जात राहिले.

काही वर्षांनी आमच्या कारखान्यानं त्याच लेफ्ट बॅकला संघात घेतलं आणि काम दिलं माझ्या शेजारच्या मशीनवर. लोक काहीतरी होईल म्हणून बघत होते. काहीच झालं नाही. मी त्याला टूल लावायला शिकवलं. तो मला अण्णा म्हणू लागला. त्याच्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, मी खायचो. तोही राजाजीनगरातच राहायला आला, मग रविवारी आमच्याकडे कॉफीला येऊ लागला. त्या सामन्याबद्दल तो बोलला नाही, मीही बोललो नाही. त्याला लाज वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग त्याचे गुडघे गेले आणि त्याला संघातून काढलं. त्या संध्याकाळी आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. तो कानडीत म्हणाला, "अण्णा, तुम्ही खेळणं का सोडलंत?"

"पाय मोडला."

"कुणी मोडला?"

"तुम्ही."

त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं. सामना त्याला आठवत होता, जिंकलेलं आठवत होतं. कुणाला तरी स्ट्रेचरवरून नेलं, हेही आठवत होतं. "ते तुम्ही होय," तो म्हणाला. बस आली. त्यानं मला आधी चढू दिलं. खिडकीशी बसून मी राग येण्याची वाट पाहिली. आला नाही. आमचा स्टॉप आला.

घरी बायकोला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. पाय मोडणारा तो हाच, हे शेजारच्या अक्कांनी तिला कधीच सांगितलं होतं.

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्यांना घरी घेऊन आलात. मला वाटलं, तुमच्या मनातून गेलं असेल."

गेलं होतं की नव्हतं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही येत नाही.

पुढच्या रविवारी तो येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो नेहमीच्या वेळी आला. बायकोनं कॉफी केली. तो म्हणाला, साखर स्वल्प कमी. मग आम्ही दोघं आमच्या कारखान्याचा सामना बघायला गेलो. पायऱ्यांवर बसून तो शेजारच्या माणसाशी ऑफसाइडवरून वाद घालत राहिला. मी मैदानाकडे बघत होतो. सामना संपायच्या आधीच आम्ही निघालो, कारण त्याच्या घरी नळाला पाणी यायची वेळ झाली होती.