सत्यशीलाबाईंचं बसणं

गंगाखेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी हमाली केली. माणूस कष्टाचा आहे की नाही, हे तो ओझ्याखाली कसा उभा राहतो त्यावरून ओळखायची मला सवय आहे.

सत्यशीलाबाई माझ्या शेजारच्या. ख्रिस्ती. दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झाल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायला घरोघर जाऊ लागल्या. निघण्याआधी रोज पहाटे भिंतीवरच्या लाकडी क्रुसासमोर तासभर बसत. पाठ टेकत नसत. ओठही हलत नसत.

एकदा विचारलं, "बाई, देवाला इतका वेळ काय मागता?"

"काई न्हाई. येशूपुढं गप बसते."

"अन् त्यो?"

"त्योबी गपच असतो."

"मग काम कवा व्हतं?"

"उठल्यावर." त्या हसल्या. "पण न बसता गेले तर माझीच बडबड संगं जाते, भाऊ. आजारी माणूस दिसतच न्हाई."

गेल्या वर्षी शिवप्रकाश किराणावाल्याच्या आईला, नागुबाईंना, अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं आणि त्यांनी तोंड मिटलं. नाकातली नळीही उपसून टाकली. पोटात काही गेलं नाही तर म्हातारी टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी सत्यशीलाबाईंना घेऊन गेलो. नागुबाईंना उचलायलाही माणूस लागणारच होता.

सून महेश्वरी चमचा घेऊन बसली होती. बाईंनी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि खाटेजवळ बसल्या. घरी बसत तशाच. बराच वेळ.

शिवप्रकाश कंटाळला. "बसायला तर आमच्या घरात लय माणसं हायेत."

बाई हलल्या नाहीत. नागुबाईंचा उजवा हात पुन्हापुन्हा छातीवर जायचा, चाचपायचा, पडायचा. छातीत दुखत असेल म्हणून महेश्वरी तिथं बाम चोळत होती.

"मावशी गळ्यात काय घालायच्या?" बाईंनी विचारलं.

शिवप्रकाशचा चेहरा उतरला. हे लिंगायत घर. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय नागुबाई कधी जेवल्या नव्हत्या. दवाखान्यात ते काढून त्याच्या हाती दिलं होतं.

"देवघरात ठिवलं," तो म्हणाला. "सगळं अंथरुणातच व्हायलंय तिचं. तिथं कसं ठिवावं?"

"अंथरूण धुता येतंय," बाई म्हणाल्या.

मी नागुबाईंना उचलून खुर्चीत बसवलं. पडदा ओढून दोघींनी त्यांचं अंग पुसलं, लुगडं बदललं. शिवप्रकाशनं लिंग आणलं. पण डावा हात लुळा, त्यावर काही राहीना. बाईंनी आपला तळवा त्या हाताखाली धरला. शिवप्रकाश थबकला. ख्रिस्ती बाईचा हात.

"ठिवा की," महेश्वरी म्हणाली. "वरचा हात आत्याबाईंचाच हाय."

त्यानं ठेवलं. नागुबाई उजव्या हाताच्या बोटांनी भस्म लावू लागल्या, सावकाश, सांडत. हात अधांतरी स्थिर धरणं पोतं उचलण्यापेक्षा अवघड असतं. बाईंचं मनगट थरथरू लागलं.

"कोपर टेकवा," मी म्हणालो.

त्यांनी टेकवलं नाही. टेकवलं असतं तर तळवा तिरपा झाला असता.

पूजा झाली तेव्हा नागुबाईंनी आपण होऊन तोंड उघडलं. महेश्वरीनं पेज भरवली. फार गेली नाही. पण गिळली.

शिवप्रकाश आईच्या गळ्यात लिंगाचा दोरा बांधायला वाकला. त्याची गाठ बसेना. शेवटी महेश्वरीनं दोरा हातात घेतला.

"लय आवळू नको," तो म्हणाला.