डब्यातली शेवटची चिठ्ठी

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका फाइलवर टिपण लिहीत होते. करोल बागेतल्या घरमालकीणबाई होत्या. "आपकी आंटी नहीं रहीं," त्या म्हणाल्या. माझ्या ओठांवर आलं होतं की त्या माझ्या कुणी नाहीत, पण मी एवढंच विचारलं, "कब?" पहाटे, झोपेतच. मग त्या म्हणाल्या, "आपका डिब्बा यहीं रखा है, धुला हुआ. ले जाइएगा." मी टिपणातलं अर्धं वाक्य पूर्ण केलं, फाइल पुढे पाठवली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एस्तेरमावशींच्या जाण्याला आता सहा आठवडे झाले.

मावशी मूळच्या नगरकडच्या. सरकारी इस्पितळात नर्स म्हणून दिल्लीत आल्या आणि निवृत्त झाल्यावरही करोल बागेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहिल्या. लग्न केलं नव्हतं. चर्चमधल्या मराठी उपासनेला येणाऱ्या आम्हा थोड्या कुटुंबांपैकी प्रत्येकाशी त्यांचं कधी ना कधी भांडण झालेलं होतं. कामवाल्या बाया महिनाभर टिकत नसत. गुडघ्यांनी जिने उतरणं बंद झालं तेव्हा पाळकसाहेबांनी महिला मंडळात विचारलं, रविवारचा डबा कोण पोचवेल? सगळ्याजणी आपापल्या पर्सकडे बघायला लागल्या. मी हात वर केला. त्यात मोठेपणा काही नव्हता. मीटिंग लांबत चालली होती आणि मला घरी जायचं होतं.

पहिल्या रविवारी त्यांनी दार अर्धंच उघडलं. "तुला पाळकांनी पाठवलं की देवानं?" मी म्हटलं, पाळकांनी. "मग ये आत. देवानं पाठवलेल्या फार टिकत नाहीत." मला हसू आलं, त्यांना नाही. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक खुर्ची. खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांची थप्पी. म्हणून मी उभीच राहिले, आणि पुढची चार वर्षं उभीच राहिले. पद्धत अशी ठरली की भरलेला डबा द्यायचा, मागच्या रविवारचा रिकामा घ्यायचा. लक्ष्मीबाई नगरहून मेट्रो बदलत जायचं, दहा मिनिटं थांबायचं, परतायचं. रिकामा डबा लख्ख घासलेला, पुसलेला असे आणि आत घडी केलेली एक चिठ्ठी. पहिली चिठ्ठी: "पोळ्या चामड्याच्या." दुसरी: "आमटीत गूळ नाही. दिल्लीत गुळाला बंदी आहे काय?" त्यानंतर कधी मीठ कमी, कधी तिखट जास्त, एकदा नुसतंच "कशाला?" चांगलं म्हणून एकदाही लिहिलं नाही. मी चिठ्ठ्या वाचून टाकून देत असे. ठेवायला हव्या होत्या, असं आता वाटतं... पण तेव्हा त्या तक्रारी होत्या आणि तक्रारी मी दिवसभर ऑफिसात वाचते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. तो आयसीयूत असताना रविवार आला, तरी मी बाजारचं जेवण भरून डबा पोचवला. मावशी म्हणाल्या, "गेला तर निदान रविवारी लवकर येत जाशील." थट्टा होती का? चेहऱ्यावरून काही कळत नसे. मी डबा तिथेच आपटला आणि जिना उतरले. तीन रविवार गेले नाही. चौथ्या रविवारी गेले. पाळकसाहेब म्हणाले, हीच ती दया. मी म्हटलं, साहेब, माझे दोन्ही डबे त्यांच्याकडे अडकलेत. त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. मी खरं तेच सांगत होते. अवघड माणसावर प्रेम करायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मला कुणी पायरीपायरीनं सांगितलं असतं तर मी केलं असतं. तसं कुणी सांगत नाही. डबा भरता येतो, म्हणून मी डबा भरला. मावशींनी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. डब्यात चिठ्ठी होती: "वांगं कच्चं."

यंदा एका रविवारच्या उपासनेत माझ्या मुलीला, रीनाला, शेवटची प्रार्थना वाचायची होती. ती दिल्लीतच वाढली. तिचं मराठी म्हणजे हिंदीला मराठी प्रत्यय. प्रार्थना तिनं आपली आपणच हिंदीतून मराठीत करून आणली होती आणि मला दाखवली नव्हती. सगळे डोळे मिटून बसलेले, आणि ही खणखणीत आवाजात म्हणाली, "हे प्रभू, आम्ही अवघड माणसांवर प्रेम करण्याची चेष्टा करू." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तिला पक्कं ठाऊक. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल, हे तिच्या गावीही नव्हतं. पुढच्या बाकावरच्या आजोबांना खोकला आला, महिला मंडळ पदराआड हललं, पाळकसाहेबांचं "आमेन" फुटलं. रीना घरी येईपर्यंत विचारत होती, "मम्मा, हुआ क्या? सगळे हसले का?"

त्या दुपारी हे मी मावशींना सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या हसल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पोरगी खरं बोलली गं. तुम्ही सगळ्याजणी तेच करता." पेला माझ्या हातात राहिला. मी म्हटलं, "चला, येते मी, पुढे गर्दी होते मेट्रोला."

शेवटच्या भेटीतही मी हेच म्हटलं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "बस की जरा, सुनंदा." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी बसते, मावशी." डबे बदलले, निघाले. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर लक्षात आलं की खुर्ची रिकामी होती. वर्तमानपत्रं नव्हती. पाय दुखत असताना ती थप्पी त्यांनी कशी उचलली असेल, कुठे ठेवली असेल... मी परत फिरू शकले असते. फिरले नाही. गुरुवारी घरमालकीणबाईंचा फोन आला.

दफनाला आम्ही सातजण होतो. मावशींच्या नगरच्या भाच्याने फोनवर सांगितलं, "ताई, तुम्हीच उरकून घ्या." अशा वेळी कुणीतरी अनोळखी माणूस येऊन गेलेल्याच्या लपलेल्या चांगुलपणाची गोष्ट सांगतो, असं वाचलेलं असतं. कुणी आलं नाही. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "मावशी स्वच्छ होत्या." सगळे वाट बघत होते. मी जागेवर जाऊन उभी राहिले.

डबा घरी आणल्यावर दोन दिवस ओट्यावर तसाच होता. तिसऱ्या दिवशी उघडला. चिठ्ठी होती, अक्षर नेहमीसारखं ताठ: "वरणात मीठ बरोबर. चार वर्षं प्रेमाची चेष्टा केलीस."

मी ती उभ्यानेच वाचली, मग खाली बसून वाचली. मावशींचा सगळा जन्म दिल्लीच्या वॉर्डात हिंदी बोलण्यात गेला. त्यांच्या मराठीतही हिंदी शब्द पाण्यासारखे शिरत. त्या हिशेबाने त्या म्हणत होत्या, प्रयत्न केलास. पण नगरचं मराठी त्या विसरल्या नव्हत्या, आणि दोन्ही चेष्टांवर आम्ही त्याच खोलीत बोललो होतो. म्हणजे टिंगल केलीस, असंही असेल. मी तीन रविवार गेले नाही ते आठवलं, चार वर्षं बसले नाही ते आठवलं. पाळकसाहेब म्हणतात, चांगलाच अर्थ घ्या. अर्थ घेणं माझ्या हातात आहे, हे मला पटत नाही. लिहिणारीने एकच अर्थ लिहिला असणार. रीनाने चिठ्ठी उलटून पालटून बघितली आणि विचारलं, "मम्मा, हे त्यांनी हिंदीत लिहिलंय की मराठीत?"

डबा चांगला आहे, तीन पुडाचा, जाड स्टीलचा. असा पडून राहणं बरोबर नाही, रोज वापरायला हवा. चिठ्ठी काढून ठेवायला घरात जागा सापडली की वापरीन.