उजवा पाय

पवित्र गुरुवारच्या यादीतलं बारावं नाव मी खोडलं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या जाळीपुढे गुडघे टेकून गेली बावीस वर्षं पापनिवेदन करतो आहे, तिथेही नाही. तिथे मी म्हणतो, "फादर, मी गर्व केला." एवढंच. पलीकडून प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया प्रार्थना सांगितल्या जातात, त्या मी म्हणतो आणि घरी येऊन नाश्ता करतो. गर्व हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात वाटेल ते मावतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

आमचं घर मराठी बोलणारं. राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तशी वडिलांची बदली इथे म्हैसूर शहरात, नजरबादच्या एका कचेरीत झाली. ही बदली तात्पुरती आहे असं आई मरेपर्यंत म्हणत होती. जेवणाआधीची प्रार्थना घरात मराठीत, चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, कन्नडमध्ये, भांडणं दोन्हींत. मी शाळेत गणित शिकवायला लागलो आणि अक्षर बरं म्हणून चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरीही झालो. चर्च लहानसं, बन्नूर रस्त्याला, शहर संपता संपता. तिकडच्या खेड्यांतली माणसं थेट फादरशी बोलायला बिचकत. बाप्तिस्म्याचा दाखला असो की मेलेल्या आईसाठी मिस्सा, आधी मला सांगत. मी आत जाऊन विचारी आणि बाहेर येऊन उत्तर देई. मी सांगेन ते फादरचं उत्तर, यात कोणाला कधी शंका आली नाही.

आमच्यात पवित्र गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. खाली वाकतो तो मोठा, एवढंच त्यातून शिकायचं. आमच्याकडे मात्र त्या बारांत बसणं हाच मान होऊन बसला होता. उपवासकाळ लागला की वशिले सुरू. बसणारी माणसं घरूनच पाय दगडाने घासून, नखं कापून येत. एका कंत्राटदाराने पावडर लावली होती, ती पाण्याबरोबर परातीत उतरली तेव्हा पहिल्या बाकावरच्या बायका पदरात हसल्या. त्यातही पाय धुवायचा तो एकच, उजवा. डावा बुटातच राहायचा. माझ्या वडिलांना एकदा बसवलं होतं; त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत होता. मी पाच वर्षं यादी लिहीत होतो आणि माझा नंबर कधी लागला नव्हता. त्या वर्षी बारावं नाव मी माझं लिहिलं. बेळगावहून मेहुणे येणार होते, त्यांना तसं कळवूनही ठेवलं होतं.

फादर नवे होते, अबोल. त्यांनी यादी वाचली, माझ्या नावावर रेघ मारली आणि तिथे स्वतःच्या हाताने अज्जांचं नाव लिहिलं. "सेक्रेटरी, तुम्ही पुढच्या वर्षी," ते हसून म्हणाले. मीही हसलो.

अज्जा म्हणजे बन्नूरकडचे, उसाच्या मळ्यात आयुष्य गेलेले, सत्तरीचे गृहस्थ. उजव्या पायाला हत्तीपाय. गुडघ्याखाली पाय खांबासारखा, कातडी भेगाळलेली, उन्हाळ्यात पाझरणारी. दर रविवारी बसने येत आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला पायावर पंचा ओढून बसत. त्यांच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असे. मीही तिथे कधी बसलो नाही. रविवारी मिस्सेनंतर फादरनी त्यांना पायऱ्यांवर गाठून सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले होते.

गुरुवारी ते दुपारच्याच बसने आले. मिस्सा संध्याकाळी. धुवट पंचा, पायाला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. मी एकटाच वेदीपुढे खुर्च्या मांडत होतो. काय सांगायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, म्हणून जीभ अडखळली नाही. म्हटलं, "अज्जा, फादर म्हणतात, एवढ्या लोकांसमोर हा पाय त्यांच्याने धुववणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

अज्जांनी आपल्या पायाकडे बघितलं. मग कन्नडमध्ये म्हणाले, ते माझ्या भाषेत लिहितो, 'मेष्ट्रे' म्हणजे मास्तर, एवढा शब्द सोडून: "मेष्ट्रे, डावा चांगला आहे. डावा धुतला तरी चालेल. विचारून बघता का एकदा?"

इथे मला थांबता आलं असतं. मी "विचारतो" म्हटलं आणि वेदीमागच्या खोलीत गेलो, जिथे फादरचे झगे टांगलेले असतात. खोलीत कोणी नव्हतं. फादर एका आजाऱ्याला प्रार्थनेचं पवित्र तेल लावायला गावात गेले होते. मी त्या झग्यांकडे तोंड करून उभा राहिलो. विचारायला आणि उत्तर ऐकायला जेवढा वेळ लागेल तेवढा उभा राहिलो. बाहेर येऊन नुसती मान हलवली.

"बरं," अज्जा म्हणाले. "तुम्ही विचारलंत."

फादर आल्यावर त्यांना सांगितलं की अज्जांना लाज वाटते, नको म्हणाले. खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून मी बसतो. ते म्हणाले, "त्यांना आधी विचारायला हवं होतं मी. माझंच चुकलं." माझ्यावर शंकाही घेतली नाही. यादीतलं अज्जांचं नाव मी तिथेच, त्यांच्यासमोर खोडलं.

संध्याकाळी फादर माझ्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले, उजव्या पायावर पाणी ओतलं, टॉवेलने टिपलं आणि पायाचं चुंबन घेतलं. मेहुण्यांनी फोटो काढला. मला काय वाटलं हे खरं सांगायचं तर बरं वाटलं. शेवटच्या बाकाकडे मी बघितलं नाही. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र अज्जा आले. फादर त्यांच्याकडे बघून ओशाळं हसले, अज्जांनी डोळे खाली घातले. नको म्हणाला तो समोरचा, असं दोघांनाही वाटत होतं. मी प्रसादाखाली तबक धरून दोघांच्या मध्ये उभा होतो.

त्यानंतर अज्जा आले नाहीत. फादरनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, मुलीकडे टी. नरसीपूरला गेलेत. पुढे ते खरंच तिकडे गेले, त्यामुळे तेवढं एक वाक्य खोटं राहिलं नाही. वर्षभरात फादरची बदली झाली.

अज्जा वारल्याचं कळलं तेव्हा मी चर्चतर्फे मातीला गेलो. त्यांच्या मुलीने मला ओळखलं, बसायला पाट दिला, कॉफी दिली. म्हणाली, अप्पा शेवटपर्यंत तो पाय नारळाच्या सालीने घासत बसायचे, रक्त यायचं, आम्ही ओरडायचो तर ऐकायचे नाहीत. मग म्हणाली, "अप्पा म्हणायचे, फादरचा काय दोष, पायच तसा. पण मेष्ट्रे माझ्यासाठी आत जाऊन भांडले. रोज रात्री तुमचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. तुमच्या मुलाबाळांना आशीर्वाद देऊन गेले."

कॉफी मी पूर्ण प्यालो.

आशीर्वाद परत करता येत नाही. मी चोरलेली खुर्ची आणि त्यांनी दिलेला आशीर्वाद, दोन्ही माझ्याकडे राहिले आणि माझं सगळं बरंच होत गेलं. मुलगी डॉक्टर झाली. मुलाचं लग्न चांगल्या घरात झालं. चर्चने 'नम्र सेवे'बद्दल मला शाल दिली, आणि दर वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना नम्रतेवर चार शब्द सांगायला मलाच उभं करतात. मीही सांगतो, चांगलं सांगतो. लोकांनी बघावं म्हणून जो चांगलं करतो त्याला त्याचं फळ इथेच मिळून जातं, पुढे त्याच्यासाठी काही ठेवलेलं नसतं, असं त्यांना समजावतो. मुलं माना डोलावतात. मला माझं फळ त्या संध्याकाळी टॉवेलने टिपून मिळालं.

लोक म्हणतात, सेक्रेटरी फार कमी बोलतात, साधा माणूस. कमी बोलतो तो साधेपणाने नव्हे. एकदा बोलायला लागलो तर कुठे थांबेन याचा भरवसा नाही, म्हणून.

फादर मागच्या वर्षी वारले. आपण एका म्हाताऱ्याला विनाकारण लाजवलं, असं समजूनच ते गेले असतील. त्यांना सांगायचं होतं ते आता सांगता येणार नाही.

अज्जांची मुलगी अजून टी. नरसीपूरलाच आहे. बस तासाभराची. तिच्या वडिलांना फादरनी नाकारलं नव्हतं, मी नाकारलं होतं, आणि आत जाऊन मी कोणालाही काही विचारलं नव्हतं, हे तिला तिच्या दारात उभं राहून सांगायचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.