ठसा न उमटणारी बोटं

कुडाळजवळच्या एका काजू कारखान्यात मी सहा वर्षं सुपरवायझर होतो. मालकांनी हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं आणि पहिल्याच दिवशी त्याने निम्म्या बायकांना ओळखायला नकार दिला. बी फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागतं आणि कातडी खातं. राख लावा, खोबरेल लावा, अंगठ्याच्या रेषा जातातच. मग ज्यांचा ठसा उमटत नाही त्यांची वेळ वहीत लिहायची, असं ठरलं. वही माझ्याकडे होती.

फोडणाऱ्यांत दोघी शेजारी बसत. एक कायम हसतमुख, पंधरा वर्षांत एक तक्रार नाही. दुसरी कुरकुरी. पंख्याचा वारा लागत नाही, बी ओली आहे, चहा पांचट आहे. मला तिचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू? पण पावणेआठला ती जागेवर हजर असायची.

हसतमुख बाईच्या सासूने अंथरूण धरलं. तेव्हापासून ती रोज पाऊण तास उशिरा येऊ लागली आणि मी वहीत आठच लिहू लागलो. तिने एकदाच विचारलं होतं. मला नाही म्हणता येत नाही. सगळे मला 'बरो माणूस' म्हणत आणि ते मला आवडायचं. त्यात सीझनचा रेटा, वर मालकांचे दिवसाला दहा फोन. मालकांशी तिच्याबद्दल बोलण्यापेक्षा खोटी वेळ लिहिणं सोपं होतं.

पुढे पंख्यावरून वाद झाला आणि दोघींनी जागा बदलल्या; मालकांना हे ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात मालक सव्वाआठला न सांगता आले. त्यांनी खिडकीतून पाहिलं. सगळ्या पाठमोऱ्या, डोक्याला फडकी बांधलेल्या, आणि कुरकुरीची जुनी जागा रिकामी.

कुरकुरणारा कामचुकार आणि हसणारा प्रामाणिक, असं मालकांचं गणित. माझंही तेच होतं, आणि हसणाऱ्यांत माझा नंबर पहिला. त्यांनी कुरकुरीला दुपारी केबिनमध्ये बोलावलं, मलाही.

"मी पावणेआठाक इलंय," ती म्हणाली. "दादांका इचारा."

मालक माझ्याकडे वळले. "काय हो, खरं आहे?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ती जागा कोणाची. मग वही निघाली असती, मग मी. "नक्की आठवत नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. जागा कोणाची ते तिला ठाऊक होतं. पंख्यासाठी अख्खा कारखाना डोक्यावर घेणारी बाई, त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी तिला कामावरून काढलं. हसतमुख बाईची वेळ मी सीझन संपेपर्यंत आठच लिहिली.

चार-पाच महिन्यांनी कुरकुरी मला रेशन दुकानात भेटली. तिथलं मशीनही पूर्वी तिला परत पाठवायचं, त्याचीही कुरकूर मी ऐकली होती. आता तिने अंगठा ठेवला आणि पहिल्याच खेपेला पावती निघाली. तांदळाची पिशवी उचलताना तिने मला पाहिलं.

"बघितलात, दादानू? काम सुटला, तशी बोटा बरी झाली. आता माका मशीन वळाखता."

आवाजात राग नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घटकेला तरी खरं बोलायला हवं होतं.

"बरा झाला," मी हसून म्हणालो, आणि मशीनवर अंगठा ठेवला.